वरवंट्याचं गोत्र

बार्सिलोनाच्या चॉकलेट संग्रहालयाचं तिकीट म्हणजे चॉकलेटची वडी असते. पैसे द्यायचे, वडी घ्यायची, आत शिरलं की खाऊन टाकायची. एल बोर्न भागातल्या सांत अगुस्ती मठाच्या जुन्या इमारतीत तिथल्या मिठाईवाल्यांच्या संघाने २००० साली हे संग्रहालय थाटलं. गर्दी असते ती चॉकलेटच्या पुतळ्यांपुढे. शहराच्या प्राणिसंग्रहालयात एके काळी एक पांढरा गोरिला होता. तो इथे पांढऱ्या चॉकलेटात बसलाय आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला झुंबड उडते. आई त्या झुंबडीला वळसा घालून पुढे गेली आणि एका काचेपाशी उभी राहून मला हाका मारायला लागली. “अरे इकडे ये, हा बघ पाटा!”

पाटाच होता. काळपट, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा, तीन बुटक्या पायांवर उभा, घासून घासून मध्ये खोलगट झालेला. वर आडवा वरवंटा. खालच्या पाटीवर ‘मेटाटे’ असं नाव. मी पाटी वाचत होतो आणि आई पाटा वाचत होती. तिला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे पाट्याला उतार होता, तोही वाटणारीपासून पलीकडे. आणि दुसरं, वरवंटा पाट्याच्या रुंदीपेक्षा लांब, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. “म्हणजे टोकांना धरायचा. बोटं चेचत नसणार. आणि गुडघ्यावर बसून अंगाचा भार टाकायचा, हाताचा नाही. वाटलेलं आपोआप खाली घसरणार, पुन्हा पुन्हा गोळा करायला नको.” चाळीस वर्षं पाट्यावर हिरवी मिरची आणि खोबरं वाटलेल्या बाईचा हा अभिप्राय मी तरी ऐकलेल्या कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा नेमका होता.

ही कुळकथा त्या पाट्याची आहे, आणि तिचा शेवटचा दुवा मला संग्रहालयात मिळालाच नाही. तो मिळाला तिथून जवळच्याच एका गल्लीत. चॉकलेटचं अगदी छोटं दुकान, मागच्या खोलीतून घरघर येत होती, आणि ती घरघर आम्हा दोघांच्याही ओळखीची होती. दार अर्धं उघडं होतं. आत ओट्यावर तीन मशीन ओळीने मांडलेली. स्टीलचं गोल भांडं, तळाला ग्रॅनाइट, वर दोन दगडी चाकं. इडलीचं पीठ वाटायचा वेट ग्राइंडर! पातेल्यात पिठाऐवजी काळंभोर चॉकलेट फिरत होतं, एवढाच फरक. दुकानदार पोरगा हसत म्हणाला, “इंडिया.” मग बोट उंचावून, मोठ्या अभिमानाने, “कोइम्बतूर.”

मेक्सिकोच्या पाट्यापासून कोइम्बतूरच्या ग्राइंडरपर्यंतचा रस्ता कसा असेल, हे कोडं तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. चॉकलेट हे दळण नव्हे, वाटण आहे. बाकी सगळं यातून निघतं.

आपल्याकडे दळण आणि वाटण यांची गल्लत कुणी करत नाही. कोरडं धान्य जात्यावर जातं, त्याचं दळण. ओली डाळ, ओलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या पाट्यावर किंवा रगड्यात जातात, त्याचं वाटण. जात्यात ओलं घातलं तर जातं बसतं आणि पाट्यावर पीठ दळायला बसाल तर दिवस जाईल. कोकोची बी दिसायला कोरडी, भाजल्यावर तर खडखडीत. पण तिच्यात निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते आणि ती चरबी साधारण ३४ अंशांना वितळते. दगडाखाली रगडली की आधी भुगा होतो, मग लगदा, मग बघता बघता वाहणारा रस. पाण्याचा थेंब न घालता ती ओली होते. म्हणून मेक्सिकोतल्या बायका कोको वाटताना मेटाटेच्या खाली निखारे ठेवत. ते तीन पाय त्यासाठीच कामाला येतात. आपला पाटा जमिनीला टेकलेला असतो, त्याच्याखाली निखारा जाणार कुठून?

एक गंमत इथेच सांगून घेतो, कारण पुढे तिला जागा मिळणार नाही. अॅझ्टेकांच्या नावाट्ल भाषेत पाट्याला मेत्लात्ल म्हणत आणि वरवंट्याला मेत्लापिल्ली. पिल्ली म्हणजे लेकरू. पाट्याचं लेकरू! आपल्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखा नटवून, पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात देतात. दोन समुद्रांपलीकडच्या बायकांना एकाच दगडात मूल दिसावं, याचं कारण मला तरी अगदी साधं वाटतं. दिवसातले काही तास ज्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरून पुढेमागे करायचं, त्याला दुसरं काय म्हणणार? यावरून प्राचीन भारतीय मेक्सिकोला गेले होते वगैरे सिद्धांत काढणारे आहेत. त्यांच्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं.

आता युरोप. पाठ्यपुस्तकी टप्पे एका दमात सांगतो: १५४४ साली डोमिनिकन पाद्र्यांनी ग्वाटेमालाकडच्या माया मंडळींना स्पेनच्या राजपुत्र फिलिपसमोर नेलं, त्या भेटींच्या यादीत चॉकलेट आहे, १५८५ साली व्हेराक्रूझहून सेव्हियाला कोकोचा पहिला व्यापारी माल उतरला, त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत साखर, दालचिनी घातलेलं गरम चॉकलेट युरोपभरच्या दरबारांत पोचलं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. बियांबरोबर पाटाही गेला, हे मात्र कुणी ठासून सांगत नाही.

आणि तो जायलाच हवा होता. नवाश्मयुगात युरोपातही आडवा दगड आणि त्यावर घासायचा दगड होताच. पण फिरतं जातं आल्यावर रोमन काळात तो मागे पडला. तिथे दळायचं ते गहू आणि बार्ली, दोन्ही कोरडी. जातं पुरलं, पाटा विसरला. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ओलाच वाटायचा, म्हणून पाटा टिकला. आपल्याकडे जातं आलं तरी पाटा हलला नाही, कारण मसाला आणि डाळ ओली. ओलं वाटणारे लोक आणि कोरडं दळणारे लोक, अशी जगाची वाटणीच करता येईल. स्पॅनिश लोक कोरडं दळणारे, त्यामुळे कोकोची बी हातात आल्यावर तिच्यासाठी लागणारं हत्यारही त्यांना जिथून बी आणली तिथूनच आणावं लागलं. १६३१ साली कोल्मेनेरो दे लेदेस्मा या वैद्याने चॉकलेटवर पुस्तिका लिहिली, तिच्यातही या दगडाचं मेटाटे हे नाव आहे.

या सिद्धांताला दोन ठिकाणी ठेच लागते. चित्रकारांकडे आणि औषधी बनवणाऱ्यांकडे गुळगुळीत दगडी पाटा होता. त्यावर ते तेलात रंग घोटत. हे ओलं वाटणंच झालं. मग मेटाटे कशाला? माझं उत्तर: तो पाटा थंड. थंड दगडावर कोकोची चरबी गोठते आणि घोटणाऱ्याचा हात अडकतो. दुसरी ठेच मोठी आहे. डिजाँची मोहरी दगडी जात्यात ओलीच दळतात, आणि पुष्कळ आधीपासून. पण तिच्यात द्राक्षाचा आंबट रस नाहीतर व्हिनेगर असतं, मिश्रण पातळ, जात्याबाहेर वाहून येतं. कोकोचा लगदा चिकट, जागचा हलत नाही. वाफेच्या ताकदीची यंत्रं आल्यावर कोकोही जात्यात गेला हे खरं, पण हाताच्या ताकदीच्या काळात नाही. मोहरीवाल्यांची समजूत यावर पटेल की नाही माहीत नाही, माझी पटलीय.

पाटा युरोपात आल्यावर त्याच्या पाठोपाठ एक नवा धंदाही आला: फिरता चॉकलेट वाटणारा. स्पेनमध्ये हे लोक पाठीवर दगड बांधून दारोदार जात, गिऱ्हाइकाच्या घरात गुडघे टेकून त्याच्याच बिया, त्याचीच साखर वाटून देत. फ्रान्सच्या बायॉनमध्ये हे काम स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी नेलं. ते राहायचे आदूर नदीपलीकडे सेंतेस्प्री या वस्तीत. दगड पाठीवर घेऊन पूल ओलांडायचे, शहरात वाटायचे आणि संध्याकाळी परतायचे. गावाने त्यांच्याकडून विद्या घेतली आणि १७६१ साली चॉकलेटवाल्यांचा संघ काढून त्यांनाच धंद्यातून हाकललं. १७६७ साली वरच्या न्यायालयाने तो संघ रद्द केला. ज्याच्या पाठीवर बसून विद्या आली त्यालाच वेशीबाहेर ठेवायचं, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. आपल्याकडेही ‘पाट्याला टाकी लावायची का’ अशी आरोळी देत फिरणाऱ्या वडार बायांना ओसरीच्या वर कोण घेत होतं?

गुडघ्यांची सुटका झाली १७३२ साली. द्युब्युइसाँ नावाच्या फ्रेंच माणसाने पाटा उचलून कमरेच्या उंचीवर टेबलासारखा बसवला आणि खाली कोळशाची शेगडी ठेवली. वाटणारा उभा राहिला. तोवर हे काम युरोपात पुरुषांकडे गेलं होतं. मेक्सिकोतल्या बायका कित्येक पिढ्या गुडघ्यांवर होत्या, तेव्हा टेबल कुणाला सुचलं नव्हतं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता मोदिका. सिसिलीतल्या या गावाचं चॉकलेट तोंडात टाकलं की साखर दाताखाली कुरकुरते. कोकोचा लगदा जेमतेम चाळीसेक अंशांपर्यंत कोमट ठेवून त्यात साखर घालतात, ती विरघळत नाही. २०१८ साली त्याला युरोपीय महासंघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. हा मान मिळवणारं ते पहिलं चॉकलेट. गावात सांगतात की ही थेट अॅझ्टेकांची रीत, स्पॅनिश राज्यकर्त्यांनी मेक्सिकोतून इथे आणलेली. ऐकायला छान आहे. पण अॅझ्टेकांकडे उसाची साखरच नव्हती, तेव्हा कुरकुरायला काय होतं? शिवाय ते चॉकलेट पीत, वड्या चघळत नसत. माझ्या मते मोदिकाने अॅझ्टेकांचं काही जपलेलं नाही. त्याने अठराव्या शतकातला सगळा युरोप जपलाय. त्या काळी पॅरिसपासून पालेर्मोपर्यंत चॉकलेट असंच खरखरीत होतं, कारण ते पाट्यावरचं होतं. बाकीच्यांनी यंत्रं आणली, मोदिका गरीब होतं, राहून गेलं.

याचा पुरावा बार्सिलोनापासून फार लांब नाही. कॅटलोनियातल्या आग्रामुंत गावात १७७० पासून चालत आलेलं झोलोंक हे नाव आहे आणि तिथे ‘दगडावरचं चॉकलेट’ याच नावाने खरखरीत वडी विकतात. तिच्यात दालचिनी आणि थोडं पीठ असतं, ती दुधात उकळून दाट करून प्यायची. आग्रामुंतवाले स्वतःला अॅझ्टेकांचे वारस म्हणवत नाहीत. ते म्हणतात, आमचं जुन्या पद्धतीचं आहे. हेच खरं असावं. आईने दोन्हींची चव घेतली आणि म्हणाली, “वाटणारीने घाई केलीय.” तिच्या लेखी खरखर हा वारसा नव्हे, आळस.

जिभेला साधारण तीस मायक्रॉनच्या वरचा कण कळतो. त्याच्या खाली गेलं की चॉकलेट मऊ लागतं. हाताने तिथवर पोचणं कर्मकठीण, म्हणून एकोणिसावं शतक यंत्रांचं. १८२६ साली फिलिप सुशारने स्वित्झर्लंडमध्ये गरम ग्रॅनाइटच्या पाट्यावर ग्रॅनाइटचे रूळ फिरवणारं यंत्र लावलं. १८२८ साली व्हॅन हाउटेनने चरबी पिळून काढायची युक्ती केली. १८४७ साली फ्रायने वडी पाडली. १८७५ साली डॅनियल पीटरने दूध घातलं. १८७९ साली रोडोल्फ लिंटने लगदा दिवसचे दिवस घोटणारं कॉन्च यंत्र आणलं. पुढे पोलादी रूळ आले. चॉकलेट रेशमासारखं झालं आणि कारखान्यांचं झालं. एका यंत्राची किंमत एका बंगल्याएवढी, तेव्हा छोटा माणूस बियांपासून चॉकलेट करणं विसरला. तो कारखान्यातून तयार लाद्या आणून वितळवायचा आणि साच्यात ओतायचा. युरोपातले नावाजलेले किती चॉकलेटवाले आजही हेच करतात, हे कळल्यावर आईला धक्का बसला. “म्हणजे विकतचं पीठ आणून इडल्या!”

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत काही जणांना पुन्हा बीपासून सुरुवात करायची खुमखुमी आली. १९९६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात शार्फेन बर्गर ही कंपनी निघाली, तिने जुनी युरोपीय यंत्रं शोधून आणली. पण ज्याला घरच्या ओट्यावर दोन किलो करून बघायचंय त्याने काय करायचं? मिक्सरमध्ये भुगा होतो, पुढे जात नाही. मिक्सरचं पातं कापतं, रगडत नाही. ओरेगॉनमधल्या जॉन नॅन्सी यांनी नाना यंत्रं तपासली आणि त्यांना दक्षिण भारतीयांच्या घरात डोशाचं पीठ वाटणारं सांता नावाचं टेबलावरचं ग्राइंडर सापडलं. दगडावर दगड, दिवसभर फिरला तरी चालेल असा. त्यांनी ही युक्ती घरगुती चॉकलेटवाल्यांना सांगून टाकली, आणि ‘बीपासून वडीपर्यंत’ करणाऱ्या हौशी लोकांची लाट त्यानंतर उसळली. जॉर्जिया राज्यात एक तमिळ दांपत्य देशी कुटुंबांना ग्राइंडर विकत होतं; इडलीशी काही संबंध नसलेले गोरे लोक ते का मागतायत हे कळल्यावर त्यांनी चॉकलेटसाठीच वेगळं मशीन काढलं. ती कंपनी म्हणजे कोकोटाउन.

मशीन बदलावं लागलं, कारण डोशाचं पीठ तासाभराच्या आत होतं आणि चॉकलेटला एक ते तीन दिवस लागतात. मोटर तापून बंद पडायच्या, प्लॅस्टिकचे भाग झिजायचे. त्या बार्सिलोनाच्या पोराने मला त्याचं पहिलं मशीन दाखवलं, फळीवर निवृत्त होऊन बसलेलं. मग चालू मशीनमध्ये त्याने बियांच्या कण्या मूठभर टाकल्या. दगड अडखळला, कर्रकर्र वाजला. त्याने कोपऱ्यातला केस वाळवायचा ड्रायर उचलला आणि गरम वारा भांड्यावर सोडला. पाचेक मिनिटांत कर्रकर्र घरघरीवर आली, कण्या चकाकल्या, ओघळायला लागल्या. निखाऱ्याच्या जागी ड्रायर! मग दुसरी मूठ. साखर शेवटी. आईने स्वभावानुसार सांडशीजवळच्या ओल्या फडक्याने भांड्याची कड पुसायला हात पुढे केला आणि तो पोरगा किंचाळलाच. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब गेले की साखर पाणी शोषून चिकटते आणि सगळ्याचा घट्ट गोळा होतो. नावाने वेट ग्राइंडर आणि पाण्याशी वैर. धुतल्यावर दगड ओव्हनमध्ये वाळवून घ्यावे लागतात, असं त्याने आईला खाणाखुणा करून समजावलं.

या मशीनला एक जादा गुण निघाला, जो कुणी मागितला नव्हता. भांडं उघडं असतं, लगदा दिवसभर हवेत उलटापालटा होतो, आणि बिया आंबवताना तयार झालेलं आंबट आम्ल उडून जातं. म्हणजे सुशारच्या यंत्राचं आणि लिंटच्या यंत्राचं काम एकाच भांड्यात. काही चॉकलेटवाले म्हणतात की चव दगडामुळे येते, दगड ‘जिवंत’ असतो. हे मला पटत नाही. दगड जिवंत नाही, उघडं भांडं आणि वेळ यांचं हे काम आहे. दगडाचा खरा उपयोग एवढाच, की तो रगडतो.

आता खरा वाद. काही जण म्हणतात की वेट ग्राइंडर हे युरोपातल्याच ग्रॅनाइटच्या रुळांच्या यंत्राचं पिल्लू आहे. भांडं फिरतं आणि दगड जागच्या जागी गरगरतात ही रचना तीच. कोइम्बतूर कापडगिरण्या, ओतशाळा आणि पंपांचं शहर, तेव्हा कुणीतरी विलायती यंत्र पाहिलं असेल, असा त्यांचा तर्क. उलट बाजूचा दावा असा की ग्राइंडर म्हणजे मोटर लावलेला तमिळ आट्टुकल्ल, आपला रगडा. गोव्याच्या घरातला रगडो डोळ्यांसमोर आणा: खळगा असलेला दगड आणि त्यात उभा फिरवायचा गोटा. कोइम्बतूरच्या पी. सभापतींनी १९५५ साली पहिलं यंत्र केलं, ते याच घरगुती दगडाची मेहनत वाचवायला. दगड लागतो तो जवळच्या ऊत्तुकुळीचा. कोइम्बतूर वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही आहे.

माझा कौल सभापतींकडे, पण कारण वेगळं. रुळाने गोल चरात रगडायची रचना कुणा एकाच्या मालकीची नाहीच. आपल्या कित्येक किल्ल्यांवर चुन्याची घाणी दिसते: दगडी गोल चर, त्यात उभं फिरणारं दगडी चाक, ओढायला बैल. स्पेनमध्ये जैतुनाचं तेल असंच काढत. ज्यांना ओलं, चिकट काही रगडायचं होतं त्या सगळ्यांना हे सुचलंय. सभापतींना सुशारची गरज नव्हती, जशी सुशारला रायगडाची नव्हती. कोइम्बतूरची खरी कामगिरी आकाराची आहे. घाणीएवढं यंत्र त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावेल एवढं केलं, आणि ते करावंसं वाटलं कारण तिथल्या घराघरात रोज ओलं वाटायचं होतं. स्वित्झर्लंडमध्ये कुणाच्याच ओट्याला ते लागलं नसतं. म्हणून २००० नंतर जगाला छोटं दगडी यंत्र हवं झालं, तेव्हा ते मिळालं फक्त ओलं वाटणाऱ्या लोकांकडे.

कोकोचं झाड १७९८ सालीच तमिळ मुलखात कुर्ताळमला येऊन पोचलं होतं, ईस्ट इंडिया कंपनीच्या बागेत. बी आणि दगड एकाच प्रांतात जवळजवळ दोनशे वर्षं शेजारी राहिले आणि त्यांची गाठ कुणी घालून दिली नाही. लागवडीने जोर धरला तो १९६५ नंतर, कॅडबरीने केरळात वायनाडकडे प्रयोग सुरू केल्यावर, आणि तेव्हाही बिया गेल्या कारखान्यात. आता भारतातही छोटे चॉकलेटवाले बिया आणून वाटतात. त्यातल्या काहींच्या माहितीपत्रकात त्यांच्या मशीनला सुशारच्या यंत्रासारखं ‘मेलांजर’ म्हटलेलं मी वाचलं. भाव फ्रेंच नावाला जास्त मिळतो.

आईने घरच्या ग्राइंडरात करून बघायचं ठरवलं होतं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. मोटर जळेल, आणि दगडात गेल्या वीस वर्षांचा लसूण मुरलाय. दुसऱ्या मुद्द्यावर तिने विचार केला आणि नव्या ग्राइंडरची किंमत विचारली.